सोडायची तर आत्ताच सोडा, भाऊ

"ताई, सप्रेम नमस्कार. वय ४४. शिक्षण बी.ई. सिव्हिल. २००५ च्या जूनमध्ये पाटबंधारे खात्यात लागलो, सध्या उपअभियंता आहे. गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला. घरी आई, पत्नी, मुलगी बारावीला लातूरला, मुलगा सातवीत. धाकटा भाऊ गुत्तेदारी करतो. बारा एकर सामाईक जमीन. मित्रमंडळी म्हणतात, पुढच्या विधानसभेला उभे राहा, शिकलेला माणूस पाहिजे. एका पक्षाच्या माणसानं 'तयारी ठेवा' असा निरोपही दिलाय. माझा विचार असा की तोवर नोकरी चालू ठेवायची आणि २०२९ ला आचारसंहितेच्या तोंडावर राजीनामा द्यायचा. चार एकर विकायला काढली तर पैसा उभा राहील. कमी पडलं तर भावाबरोबर गुत्तेदारीचं लायसन काढीन. पत्नीचा साफ विरोध आहे. आमच्या समाजाची मतं मतदारसंघात थोडी, तीही धास्ती आहे. काय करू? – एक अभियंता"

भाऊ,

तुमचं पत्र चार पानांचं. वर छापलाय तो त्याचा गाभा. जे छापलं नाही त्यात दोन प्रसंग आहेत आणि माझं उत्तर त्या दोन प्रसंगांवरच उभं आहे, म्हणून ते कुणाचं नाव-गाव न घेता इथं सांगते.

एक म्हातारबाबांचा. कालव्यातून शेतांकडं जाणाऱ्या चारीच्या टोकाला तुम्ही पाहणीला गेला होतात. चारीत पाणी नव्हतंच, वेड्या बाभळी गुडघ्याच्या वर आलेल्या. एक म्हातारबाबा कॅरीबॅगमध्ये पाणीपट्टीच्या पावत्या घेऊन आले. एकेक पावती उलगडून त्यांनी बांधावर मांडली, उडू नये म्हणून प्रत्येकीवर एक खडा ठेवला आणि विचारलं, "सायेब, पैसे तर भरलेत. पाणी कुठं हाय?" तुम्ही काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसलात.

दुसरा प्रसंग बैठकीचा. कालवा सल्लागार समितीत तुम्ही शेपटाच्या गावांचे आकडे मांडायला उठलात. एका पुढाऱ्यानं भर सभेत "तू खाली बस" म्हटलं. वरिष्ठ मान खाली घालून बसले. आठ महिन्यांत तुमची बदली झाली.

म्हातारबाबांना तुम्ही सहा ओळी दिल्यात आणि बैठकीला दीड पान. मी मोजलं.

अपमान खरा आहे. पन्नास माणसांत, हाताखालच्या शाखा अभियंत्यांसमोर असं बोलणं झालं की माणूस कित्येक रात्री झोपत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दीड पानाच्या जोरावर उभे राहणार असाल तर माझं उत्तर 'नका' असं आहे. त्या सहा ओळींसाठी उभे राहणार असाल तर 'राहा'. दोन्हीची तयारी वेगळी, खर्च वेगळा, नोकरी सोडायची वेळसुद्धा वेगळी.

आमचे थोरले मामा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. असाच कुणाचा तरी शब्द लागला आणि १९९५ च्या विधानसभेला अपक्ष उभे राहिले. पाच एकर कापसाची काळी जमीन विकली. दोन जीपा भाड्यानं, लाऊडस्पीकर, रोज शंभर माणसांची पंगत. मामा सभेत बोलायचे ते त्या एका माणसाबद्दलच. लोक ऐकायचे, माना डोलवायचे आणि घरी जायचे. अनामत गेली. निकालानंतर मंडपवाला ओट्यावर येऊन बसला. हातात लाल डायरी. भांडला नाही, काही नाही. नुसता बसला, सलग तीन दिवस. मामी दर खेपेला त्याला चहा द्यायची. तिसऱ्या दिवशी चहाच्या बशीसोबत तिनं पाटल्या आणून ठेवल्या. मी तेव्हा तिथंच होते. मामांनी मान वर केली नाही. पुढं वीस वर्षं जगले, पण त्या घरात निवडणूक हा शब्द कुणी काढला नाही. म्हणून चार एकर काढायचं वाचलं तेव्हा माझा हात थांबला.

आता हिशेब मांडू. तुम्हाला आकड्यांतलं लवकर समजेल.

२०२४ च्या निवडणुकीत राज्यात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदान केंद्रं लाखाहून थोडी जास्त. २८८ नं भागा. एका मतदारसंघाला सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार आणि साडेतीनशेच्या घरात केंद्रं येतात. मतदान ६६ टक्के धरलं तर सव्वादोन लाखांच्या आसपास मतं पडतात. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, म्हणजे ३७ हजार. जिंकायला नाही, नुसते १० हजार रुपये परत मिळवायला. साडेतीनशे केंद्रांवर तुमचा एकेक माणूस सकाळपासून मशीन बंद होईपर्यंत बसायला हवा, आणि तो पैशानं आणलेला असला तर दुपारी जेवायला गेला की परत येत नाही. आयोगाची खर्चमर्यादा ४० लाख आहे. ती केंद्रांवर वाटली तर एका केंद्राला साडेअकरा हजारसुद्धा येत नाहीत. चार एकर विकून आणलेला पैसा असा पंधरा दिवसांत जिरतो आणि शेपटाला काहीच पोचत नाही. असं कुठं होतं ते तुम्ही रोज बघता. पैशानं ही निवडणूक तुम्ही जिंकणार नाही, तुमच्यापेक्षा जास्त पैसेवाले त्यात उतरतात. जमीन विकू नका. यावर मला चर्चाही करायची नाही.

पण आमदारकी कशासाठी, हेही तुम्हाला नीट सांगते, कारण पत्रात तुम्ही ते कुठं लिहिलंच नाही. "कामं चांगली होतील" एवढंच आहे. भाऊ, कामं चांगली करून घेणं हे आत्ता तुमच्या हातात आहे. कामाच्या मोजमापाचं पुस्तक, एमबी, तुम्ही लिहिता, आमदार लिहीत नाही. आमदाराला स्थानिक विकासाचे वर्षाला पाच कोटी मिळतात. त्यात सभामंडप होतात, पेव्हर ब्लॉक बसतात, कालव्याचं अस्तरीकरण होत नाही. तुम्ही चांगला इंजिनिअर व्हायला विधानसभेत जाणार असाल तर उलटी वाट धरताय.

मग तिथं काय आहे? आपल्या जायकवाडीकडेच बघा. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी झाली, १९७६ ला धरण उभं राहिलं. २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) उपयुक्त साठा, डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. हे सगळं तुमच्या खात्यातल्या माणसांनी बांधलं आणि चोख बांधलं. पुढं वर नाशिक-अहिल्यानगरकडं धरणं होत गेली आणि कमी पावसाच्या वर्षी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, यायचं पाणी वरच अडू लागलं. त्यावर सिमेंट-लोखंडाचा उपाय नव्हता. उपाय झाला तो विधिमंडळात. २००५ ला महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. त्याच्या १२व्या कलमात लिहिलं गेलं की तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यायची. त्यावर २०१३ ला, वरच्या धरणांतून कधी, किती पाणी सोडायचं ते सांगणारा मेंढेगिरी समितीचा तक्ता आला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरून पाणी सोडायचं ठरलं. २०१६ ला उच्च न्यायालयानं ती चौकट मान्य केली. २०१५ ला आणि २०२३ ला वरची दारं उघडली ती याच आधारानं. दोन्ही वेळा मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले, पण पाणी आलं. कायद्यातल्या काही ओळींमुळं आलं.

या ओळी लिहिणारी, त्यांवर चर्चा करणारी, सुटलेल्या जागा दाखवणारी माणसं सभागृहात असतात. तिथं पाण्याचं गणित येणारा माणूस बसला तर फरक पडतो. पैठणला धरणातून सोडलेलं पाण्याचं आवर्तन पाथरी-मानवतच्या पुढं किती पोचलं, याचा तारांकित प्रश्न कसा विचारायचा हे तुमच्याइतकं कुणाला कळेल? तुम्ही आजवर असल्या प्रश्नांची उत्तरं तयार करून वर पाठवलीत. उत्तरात पाणी कुठं मुरवलं जातं तुम्हाला माहीत आहे. सभागृहात लक्षवेधी सूचना लागली की खात्यात रात्री नऊपर्यंत दिवे का जळतात तेही माहीत आहे. लोकलेखा समितीत कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल उघडल्यावर कुठल्या पानावर बोट ठेवायचं, हे फार थोड्या आमदारांना उमगतं. म्हणून तुम्ही जावं असं मला मनापासून वाटतं. मराठवाड्याचे ४६ आमदार आहेत. त्यात पाण्याचा कागद वाचणारे पाच-सहा जरी असले तरी कितीतरी होईल.

आता नोकरीचं. इथं तुमचा बेत मला साफ चुकीचा वाटतो.

खुर्चीवर बसून तयारी करता येणार नाही. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांचा पाचवा नियम तुम्हाला राजकारणात भाग घेऊ देत नाही, आणि 'तयारी ठेवा' म्हणणाऱ्या माणसाबरोबर तुमचा एखादा फोटो फिरला तर तीच चौकशीची सुरुवात. नियमापेक्षा मोठी गोष्ट अशी की उपअभियंता असताना तुम्ही ज्याच्या शेतात पाणी पोचवाल तो म्हणेल साहेबाचं काम आहे, आणि ज्याच्या शेतात पोचवणार नाही तो म्हणेल आत्तापासून मतं बघून पाणी देतो. दोघंही बरोबर असतील. सरकारी जीप, सरकारी गेट आणि मनात उमेदवारी, हे तिन्ही एका माणसाजवळ असणं मला प्रामाणिक वाटत नाही. आणि शेवटच्या महिन्यात राजीनामा देऊन आलेल्या माणसाकडं गाव काय म्हणून बघतं? तिकीट पक्कं झालं म्हणून आला. पडला तर पुण्याला जाईल.

सोडायची तर आत्ताच सोडा. २०२९ ला अजून तीन वर्षं आहेत, तेवढी लागतातच. आणि राजीनामा देऊ नका, स्वेच्छानिवृत्ती घ्या. हा फरक तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं होतं, पण पत्रात तुम्ही तीनदा 'राजीनामा' लिहिलंय म्हणून सांगते. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत ४६वा नियम आहे. राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जप्त. ६६व्या नियमाप्रमाणं २० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनला धरली जाणारी) सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात, म्हणजे जुन्या पेन्शनमध्ये आहात, आणि वीस वर्षंही झालीत. एका शब्दाच्या फरकानं आयुष्यभराची पेन्शन जाते. आस्थापना शाखेतून सेवापुस्तक मागवा, बिनपगारी रजा कुठं मोडतात ते बघा, किती पेन्शन बसते ते लेखी काढून घ्या. तुमच्यावर एखादी चौकशी प्रलंबित असेल तर अर्ज अडू शकतो, तेही आधी मिटवा. सरकारी क्वार्टरचं भाडं, वीज, पाणी याचा बेबाकीचा दाखला त्याच वेळी घेऊन ठेवा. उमेदवाराच्या शपथपत्रात मागच्या दहा वर्षांतल्या सरकारी घराची बाकी विचारतात आणि त्या वेळी कार्यालयात कुणी ओळखीचं नसतं.

गुत्तेदारीचं लायसन मात्र अजिबात नको. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९अ कलम सांगतं की ज्याचा स्वतःचा राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा करार चालू आहे, तो विधानसभेला अपात्र. अर्ज छाननीतच उडतो. भावाच्या नावावरचं काम कायद्यानं तुम्हाला आडवं येत नाही. पण लोकांच्या नजरेत येतं, आणि तिथं कलम चालत नाही. भावाशी बसून बोला. मतदारसंघात त्यानं एकही सरकारी काम घेऊ नये, निदान ही पाच-सात वर्षं. तो नाही म्हणाला तर तुम्ही उभे राहू नका. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, तो नाही म्हणू शकतो, त्याच्यावर चिडू नका. तुमचं घर चालवायला ठिबकची आखणी, सर्व्हे, घरांची डिझाइनं, बँकांसाठी मूल्यांकन, असली कितीतरी खासगी कामं परभणीत मिळतील.

तीन वर्षं काय करायचं? म्हातारबाबांच्या चारीवर जा. २००५ लाच आणखी एक कायदा झालाय, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा. पाणीवापर संस्थेच्या समितीत मुखाचे, मधले आणि शेपटाचे असे तिघांचेही माणूस घ्यायचे, हे त्यात लिहिलेलं आहे. तुमच्या भागात संस्था कागदावर असतील. एक तरी जिवंत करा. पाणी मोजून घ्यायला, पाळीपत्रक (कुणाला पाणी कधी, ते सांगणारा कागद) वाचायला, मुखाच्या शेतकऱ्याशी भांडण न करता बोलायला शिकवा. तुमच्या समाजाची मतं थोडी, ही धास्ती खोटी नाही. आपल्याकडं मागची काही वर्षं गावागावांत माणसं एकमेकांच्या चहाला जायची थांबलीत, हे आपण दोघंही बघतोय. जात बघून मत पडतं आणि बरंच पडतं. पण एका चारीवर सगळ्या जातींची शेतं असतात, आणि आपलं पाणी कुणामुळं आलं हे शेतकरी विसरत नाही. त्यानं किती मतं फिरतील याचा आकडा मी देणार नाही. दुसरा कुठला प्रामाणिक रस्ता मात्र मला दिसत नाही.

बोलताना दलघमी, क्युसेक्स वापरू नका. म्हातारबाबांबद्दल लिहिलंत ना, पावतीवर खडा ठेवला म्हणून? तसं बोला.

पक्ष की अपक्ष, हे आज ठरवू नका. अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक, कागदावर एवढाच फरक. निरोप देणाऱ्या माणसाला एकच विचारा: पक्षाचा आदेश आणि शेपटाचं पाणी यांत आडवं आलं तर मला बोलता येईल का? तो हसला तर समजून घ्या. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचंही कुणीतरी सुचवील. ७८ मध्ये ७ जागा आहेत, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची मिळून एक. तिथंही चांगलं काम होतं, पण तुमच्या म्हातारबाबांना त्यात मत नाही.

आणि न लढण्यातही कमीपणा नाही. माधवराव चितळे इंजिनिअरच. केंद्रात जलसंसाधन सचिव झाले, १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळवला, महाराष्ट्राच्या सिंचन आयोगाचा १९९९ चा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली झाला. पाण्यावर बोलणारा प्रत्येक जण आजही तो अहवाल उघडतो. खात्यात राहून शेपटाचे आकडे खरे लिहीत राहणारा उपअभियंता हीसुद्धा आज गरजेची गोष्ट आहे. पुन्हा "खाली बस" म्हणतील. तुम्ही पुन्हा उठा.

आता वहिनी. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, "पत्नीचा साफ विरोध आहे." का आहे ते नाही लिहिलं. विचारलंत का? तुमच्या शपथपत्रात त्यांचंही सगळं येणार आहे. त्यांचं सोनं, त्यांच्या नावचं कर्ज, त्यांच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न. ते आयोग सगळ्यांना वाचायला ठेवतो. गावातली कुठलीही बाई मोबाईलवर बघून त्यांना पाटल्या किती तोळ्यांच्या म्हणून विचारील. ज्या कागदावर त्यांच्या संसाराचा हिशेब जाणार, त्यासाठी त्यांचा होकार अर्ज भरायच्या आदल्या रात्री मागायचा नसतो. लेकीचं बारावीचं वर्ष आहे. निकाल लागेपर्यंत घरात हा विषयच काढू नका. नंतर दोघं मिळून सेवापुस्तक आणि पेन्शनचा कागद समोर घेऊन बसा. मग एकदा त्यांना त्या चारीवर घेऊन जा. म्हातारबाबा असतील तर त्यांच्याशी त्यांची गाठ घालून द्या. तेव्हा जे उत्तर देता आलं नाही ते आता द्या, वहिनींसमोर.

हे पत्र त्यांना वाचायला द्या. त्यांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी मला वेगळं लिहावं. ते मी छापणार नाही, पण उत्तर नक्की देईन.

तुमची,
ताई